मानवी चूक स्वीकारली जाणार नाही

मी क्वालिटीत आहे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढतात, आणि ते नीट निघाले की नाहीत हे बघायचं माझं काम. नीट निघाले तर श्रेय प्रॉडक्शनचं. नाही निघाले तर कस्टमरची तक्रार माझ्या टेबलावर. वीस वर्षं हा उद्योग केल्यामुळे माझा असा स्वभाव झालाय की जगात जे काही बिघडतं त्याचा एक फॉर्म असतो, तो भरला की ते बिघडणं बंद होतं. बायको म्हणते, तुमचं डोकं ए-फोर साइजचं आहे. मी ते कौतुक म्हणून घेतो.

तर त्या वर्षी दूर एका राज्यात दंगल झाली. कुठे, किती, कोणी सुरू केली, हे सांगायला मी बसलेलो नाही. टीव्हीवर चार दिवस तेच चाललं होतं आणि मोबाइलवर आठ दिवस. घरं जळताना दिसत होती आणि खाली पट्टी धावत होती, की अमुक देशाने चिंता व्यक्त केली, तमुक संघटनेने तीव्र चिंता व्यक्त केली, आणि आपण ती, हा आमचा अंतर्गत मामला आहे असं म्हणून, फेटाळून लावली.

कँटीनमध्ये यावर चर्चा झालीच. चर्चेला कँटीनइतकी चांगली जागा नाही, कारण अर्ध्या तासाने भोंगा होतो आणि कोणालाही शेवटपर्यंत बरोबर असावं लागत नाही. प्रेसवर साचे चढवणारा एक सेटर म्हणाला, “त्यांच्याकडं काय कमी भानगडी आहेत का? आपल्या घरात डोकवायचं काय काम?” त्यावर आमच्या टूलरूमचे मिस्त्री भाकरी मोडता मोडता म्हणाले, “मला येक सांगा राव, ही चिंता येक्त करत्यात म्हंजी नेमकं काय करत्यात? बसून करत्यात का हुबं ऱ्हाऊन?”

“पत्र काढतात,” मी म्हणालो.

“आन आपून?”

“आपण ते फेटाळतो.”

“म्हंजी दोगांचंबी काम झालं,” असं म्हणून त्यांनी ठेचा पुढे सरकवला.

हे मिस्त्री मुसलमान. चाकणजवळच्या एका गावातलं त्यांचं घराणं इतकं जुनं, की कंपनीची जमीन कंपनीची नव्हती तेव्हा त्यांचे वडील तिथे म्हशी चारायचे. घरात दखनी, बाहेर अस्सल खेड तालुक्याची मराठी. मी मूळचा नांदेडकडचा, सेटर बार्शीचा, एचआर मॅडम रत्नागिरीच्या, प्लँट हेड तमिळनाडूचे. म्हणजे त्या टेबलावर स्थानिक म्हणावा असा माणूस एकच, आणि दंगलीची बातमी आली की सगळे ज्याच्याकडे हळूच बघायचे तोही तोच. त्या आठवड्यात मिस्त्रींना रोज तीन-तीनदा चहा पाजला गेला. ज्यांनी वर्षभर त्यांच्या डायवरून, म्हणजे साच्यांवरून, भांडणं केली तेही “घ्या मिस्त्री, घ्या” करत होते. चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, “सायेब, जरा सांगा ह्यांना. माजं पित्त वाढलं.”

माझं आणि मिस्त्रींचं आणखी एक प्रकरण त्या वेळी चालू होतं आणि ते मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्या मुलीला आकुर्डीच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. गावाहून जायला तीन बस बदलाव्या लागत. पहिल्या वर्षात ती दोनदा आजारी पडली, एकदा प्रॅक्टिकल परीक्षेला पोचलीच नाही. दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत शहरात भाड्याने घर घ्यायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं होतं. मी राहतो पिंपळे सौदागरला. आमच्याच विंगेत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. मालक तळेगावला राहतो, भला माणूस, म्हणाला, “मला भाडेकरू नीट हवा, बाकी काही नको. फक्त सोसायटीचं ना हरकत पत्र आणा.”

सोसायटीचा सेक्रेटरी मीच.

आता कोणालाही वाटेल की मग अडचण काय. मलाही तसंच वाटलं होतं. मी मिस्त्रींना छातीठोकपणे सांगितलं होतं, “अर्ज द्या, आठ दिवसांत पत्र हातात.” अर्ज कमिटीपुढे ठेवला. आमचे चेअरमन निवृत्त सरकारी अधिकारी. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला. जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर नाव बदलणार होतं.

“आपली काही हरकत नाही,” ते म्हणाले. “पण लोक.”

“कोणते लोक?” मी विचारलं.

“लोक हो. उद्या कोणी विचारलं तर?”

मग कोणीतरी जेवणखाणाचा मुद्दा काढला. हे ऐकताना चेअरमन गंभीरपणे मान हलवत होते. हेच चेअरमन दर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे स्टीलचा डबा घेऊन उभे असतात आणि खाटकाला “मांडीचं दे रे” म्हणून दटावतात. मी हे बोलायला हवं होतं. माझ्या अगदी जिभेवर होतं. पण मी काय केलं, मिनिट्स लिहीत बसलो. विषय पुढच्या मीटिंगला घेण्याचं ठरलं. पुढच्या मीटिंगला तो त्याच्या पुढच्या मीटिंगला घेण्याचं ठरलं. कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान मी रागावलो तरी असतो.

मिस्त्री विचारायचे, “काय सायेब, कुठवर आलं?” आणि मी म्हणायचो, “प्रोसेसमध्ये आहे.”

आणि मग ती मेल आली.

आमचा एक मोठा कस्टमर आहे युरोपातला, वर उत्तरेकडचा. त्यांच्याकडून मेल आली की आमच्याकडे सगळे आधी उभे राहतात, मग वाचतात. मेल होती त्यांच्या मानवी हक्क विभागातल्या एका बाईंची. भारतातल्या बातम्या वाचून आम्ही चिंतित आहोत, तुमच्या कारखान्यातले अल्पसंख्याक कामगार सुरक्षित आहेत का, त्यांच्याशी बोलता येईल का, असा साधा मजकूर होता. प्लँट हेडनी ती मला फॉरवर्ड केली आणि वर एकच ओळ लिहिली, “कस्टमर ने पूछा है. चौबीस घंटे.”

आता कस्टमरचं जे काही येतं ते आमच्याकडे तक्रार रजिस्टरला चढतं. मीही चढवलं. नंबर दिला. आणि आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे आठ पायऱ्यांचा तो फॉर्म उघडला, ज्यात टीम कोण, दोष काय, तातडीने काय केलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे सगळं लिहावं लागतं. बुश सैल झाला तर हाच फॉर्म, पत्र्याला चीर गेली तर हाच. मी लिहीत गेलो. दोषाचं वर्णन: अन्य राज्यात सामाजिक तणाव. दोष कुठे आढळला: आमच्या आवाराबाहेर. तातडीची उपाययोजना: सर्व शिफ्टना शांततेबाबत सूचना दिली, फोटो जोडला आहे. फोटोत पहिल्या शिफ्टचे चाळीस जण हेल्मेट घालून एका रांगेत उभे होते आणि सगळे इतके शांत दिसत होते की बघून भीती वाटावी.

एक रकाना होता, बाधित नग किती. तिथे मी थांबलो. टीव्हीवरची एक म्हातारी मला आठवली. ती जळक्या घरातून एक पातेलं घेऊन बाहेर येत होती. दुसरं काही उरलंच नसावं. मी तो रकाना रिकामा ठेवला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या फॉर्मचा राग आला. पण चोवीस तास होते. मी पुढे गेलो. मूळ कारण: मानवी चूक.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. अत्यंत सभ्य. अहवालाबद्दल आभार. दंगलीचं मूळ कारण आम्ही विचारलं नव्हतं. तरीही आपण दिलंच आहे म्हणून कळवतो, की ‘मानवी चूक’ हे मूळ कारण आमची कंपनी कोणत्याही बाबतीत स्वीकारत नाही. कृपया कामगारांशी बोलण्याची वेळ ठरवावी.

मी टेबलावर हात आपटला. “दंगल मग काय मशीनच्या चुकीने होते?” एचआर मॅडम म्हणाल्या, “सर, चिडू नका, आधी अल्पसंख्याक किती आहेत ते सांगा.” आणि इथे नवीच पंचाईत. आमच्याकडे ब्लडग्रुपची यादी आहे, बुटाच्या नंबरची आहे, धर्माची नाही. मॅडमनी ईदला सुट्टी कोण घेतं यावरून काढायचा प्रयत्न केला, तर निम्मी कंपनी निघाली, कारण त्या दिवशी सगळेच मिस्त्रींकडे शिरखुर्मा प्यायला जातात. मग लोक आपणहून येऊ लागले. अकाउंट्समधला एक जैन आला. कोकणातला एक सेटर म्हणाला, “इथे घाटावर आम्हीच अल्पसंख्याक.” शेवटी प्लँट हेड स्वतः म्हणाले, “देखो, मेरा भी नाम डालो. इधर मेरा सांबार कोई नहीं समझता.”

अखेर तीन नावं नक्की झाली. त्यातल्या दोघांना इंग्रजी येत होतं. मिस्त्रींना दुभाष्या हवा होता. मॅनेजमेंटचा माणूस खोलीत नको, असं बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं. मॅडमनी बराच विचार करून मला निवडलं. म्हणाल्या, “सर, तुम्ही कामगार नाही आणि तुम्हाला मॅनेजमेंटही कोणी म्हणत नाही.” सत्य असं कधीकधी सहज बाहेर पडतं.

मुलाखतीच्या आधी प्लँट हेडनी मिस्त्रींची तालीम घेतली. आमच्याकडे ऑडिटच्या आधी कामगारांची तालीम घेतातच. अमुक विचारलं की तमुक बोर्डाकडे बोट दाखवायचं. “वो पूछेंगे आप खुश हो क्या, तो आप क्या बोलेंगे?” मिस्त्रींनी सवयीने भिंतीवरच्या क्वालिटी पॉलिसीकडे बोट दाखवलं.

प्रत्यक्ष कॉल दुपारी जेवणानंतर झाला. स्क्रीनवर बाई आल्या. पन्नाशीच्या, पिकलेले केस, मागे खिडकीत एक कुंडी. त्यांनी आधी वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली. ते मी सांगितलं तर मिस्त्री मला म्हणाले, “आपल्या प्रॉडक्शनवाल्याला दावा ही बाई.”

पहिला प्रश्न, कामाच्या जागी तुम्हाला कशाची भीती वाटते का. मिस्त्री सुरू झाले. “चार नंबर प्रेसची वाटती.” त्या प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो, त्यात हात गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. तो पडदा सहा महिन्यांपासून बिघडला होता आणि काम अडू नये म्हणून कोणीतरी वायर जोडून मशीनला फसवलं होतं. मिस्त्रींनी हे इतकं बारकाईने सांगितलं की वायरचा रंगसुद्धा सांगायचा राहिला नाही. मी शब्दन् शब्द भाषांतर केलं, मोठ्या आवाजात, कारण मीही सहा महिने त्यावर ओरडत होतो. बाईंनी लिहून घेतलं आणि कॉलनंतर लगेच प्लँट हेडना कळवलं. त्या संध्याकाळी चार नंबरला नवा पडदा बसला. मी नंतर मिस्त्रींना म्हणालो, बाईंना तुमच्या धर्माबद्दल ऐकायचं होतं. ते म्हणाले, “माजा हात बी माज्याच धर्माचा हाय की. मी सांगितलं तर रडगानं, तिनं इचारलं तर रिपोर्ट.”

दुसरा प्रश्न होता, कंपनीबाहेर, राहण्या-वागण्यात, तुमच्या धर्मामुळे काही त्रास होतो का.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे वळले आणि बोलू लागले. घड्याळ समोर होतं म्हणून सांगतो, चार मिनिटं बोलले. “बाई, मला येक पोरगी हाय. हुशार हाय. तीन बशी बदलून जाती. तिच्यापाई घर बगतोय. पाच ठिकानी इचारलं. नाव इचारत्यात आन मग म्हनत्यात, कालच गेलं. काल कोन येतं आन घर घिऊन जातं काय कळत न्हाई. मग येका ठिकानी मालक व्हय म्हनला. पर कमिटीचं पत्र पायजे. त्या कमिटीत आमच्या वळखीचं येक मानूस हाय. चांगलं मानूस हाय, वाईट म्हननार न्हाई. त्ये म्हनतं, प्रोसेसमदी हाय. आता बाई, मी डाय बनवनारा मानूस. डाय प्रोसेसमदी हाय म्हंजी ती कुटंतरी असती. भट्टीत असंल, ग्राइंडरवर असंल, न्हाईतर बाकावर पडल्याली असंल. ह्यो अर्ज कुटं पडलाय, येवढं त्या मानसानं सांगावं. मंग मी दुसरीकडं बगाया मोकळा. कॉलेज पुढल्या म्हैन्यात चालू व्हतंय.”

ते थांबले. बाई माझ्याकडे बघू लागल्या. त्या चार मिनिटांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, हे मला शिव्या दिल्यापेक्षा जड गेलं.

मी इंग्रजीत सांगितलं, की हे गृहस्थ मुलीच्या कॉलेजजवळ घर शोधत आहेत आणि त्यात थोडा प्रशासकीय विलंब होतो आहे.

बाईंनी विचारलं, “एवढंच?”

मी म्हणालो, “एवढंच.”

मिस्त्रींना इंग्रजी बोलता येत नाही, पण ‘विलंब’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आमच्या डिस्पॅचच्या बोर्डावर रोज लाल खडूने लिहिलेला असतो. तो त्यांना पाठ आहे. खोलीबाहेर आल्यावर ते शांतपणे म्हणाले, “सायेब, तुमी इंग्रजीत लईच कमी बोलता.”

आठवड्याने अहवाल आला. चार नंबरच्या प्रेसबद्दल एक नोंद, ती आधीच दुरुस्त. आणि खाली दुसरी नोंद. मुलाखत देणाऱ्याने एका प्रश्नाचं उत्तर अंदाजे चार मिनिटं दिलं, दुभाष्याने ते एका वाक्यात सांगितलं. आम्हाला भाषा येत नाही, पण मिनिटं मोजता येतात. पुढच्या मुलाखतीला बाहेरचा दुभाष्या असावा. या त्रुटीचं मूळ कारण आणि उपाययोजना तीस दिवसांत कळवावी.

प्लँट हेडनी अहवाल दोनदा वाचला आणि खुर्चीत मागे रेलून हसत सुटले. “पूरी सर्विस में पहली बार देखा. क्वालिटीवाले को ही रिजेक्ट कर दिया.” ही बातमी भोंग्याच्या आत सगळ्या शॉपवर पसरली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोणीतरी लाल टॅग ठेवला होता, जो खराब मालाला लावतात.

आता फॉर्म भरणं आलं. मूळ कारण काढायची आमची एक रीत आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं. मी इतरांना हे शिकवतो. नव्या पोरांना सांगतो, तिसऱ्या ‘का’ला थांबाल तर खोटं सापडेल, पाचव्याला खरं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कागद घेऊन बसलो.

भाषांतर तोकडं का झालं? कारण दुभाष्याने मजकूर गाळला. का गाळला? कारण मजकुरात दुभाष्याचाच उल्लेख होता. का होता? कारण अर्ज दोन महिने त्याच्याकडे पडून होता. का पडून होता? कारण कमिटीने निर्णय घेतला नाही. इथवर हात भराभर चालला. कमिटीने निर्णय का घेतला नाही? आणि मी लिहिलं, चेअरमन. मग खोडलं. लोक, असं लिहिलं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं, कारण सेक्रेटरी एकदाही बोलला नाही. त्याला गप्प बसायची लाज वाटली नाही, वाईटपणा घ्यायची तेवढी वाटली.

हे कस्टमरला पाठवता येण्यासारखं नव्हतं. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि शिफ्ट सुटल्यावर सरळ घरी आलो.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. आमच्याकडच्या बोलीत, जी ती फक्त माझ्यावर खवळली की बोलते, ती म्हणाली, “सही कुणाची लागतीय त्या पत्रावर?”

“माझी.”

“अन् शिक्का कुठंय?”

“कपाटातल्या ड्रॉवरमध्ये.”

“मग हात कुणी धरलाय तुमचा?”

मी उठलो आणि ड्रॉवर उघडला. शिक्का होता, शाईचा पॅड होता, आणि खाली सोसायटीच्या नियमांचं पुस्तक होतं. सोसायटी झाल्यापासून मी ते उघडलं नव्हतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक टीपही न सोडणारा मी. वाचत गेलो, तर नियमांत स्पष्ट लिहिलेलं, की सभासदाने घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. फक्त आठ दिवस आधी कळवायचं असतं. म्हणजे जो निर्णय आम्ही दोन महिने पुढच्या मीटिंगला नेत होतो, तो घ्यायचा अधिकारच आम्हाला नव्हता. आमचा तो ना हरकतीचा फॉर्म कोणीतरी कधीतरी दुसऱ्या सोसायटीवरून उतरवून आणला होता.

मी पुस्तक घेऊन चेअरमनकडे गेलो. त्यांनी नियम वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मी या वेळी थांबलो नाही. रविवारचा डबा, मांडीचं मटण, सगळं बोलून टाकलं. मग रागाच्या भरात कंपनीतलं, त्या परदेशी बाईंचं, सगळंच सांगितलं. चेअरमन चांगलेच दुखावले. म्हणाले, “हे बाहेरच्यांना कशाला सांगायचं? हा सोसायटीचा अंतर्गत मामला आहे.” मला इतकं हसू आलं की सोफ्याला धरावं लागलं. त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. जाताना ते दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सही तुम्हीच करताय ना? माझी लागणार नाही ना?”

मालकाला कागद हवाच होता, म्हणून मी घरी येऊन सही केली आणि शिक्का मारला. सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. आता मी ते लाजेने केलं की तीस दिवसांची मुदत होती म्हणून, हे मला कोणी विचारलं तर खरं उत्तर आहे, दोन्ही. किती टक्के कशाने, हे मोजायचं गेज माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टूलरूममध्ये गेलो आणि पत्र मिस्त्रींच्या हातात दिलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं आणि वाचलं. आणि इथे मी जे केलं ते सांगायलाच हवं. मी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणालो, “मिस्त्री, जरा असेच उभे राहा. फोटो घेतो. पुरावा जोडावा लागतो.” तोंडातून शब्द जाईपर्यंत मला कळलंच नाही मी काय बोलतोय. वीस वर्षांची सवय. दुरुस्ती केली की फोटो. मिस्त्रींनी टोपी सरळ केली, पत्र छातीशी धरलं आणि सुरक्षा सप्ताहातलं बक्षीस घेतल्यासारखे ताठ उभे राहिले. “काडा,” म्हणाले. मी मोबाइल खिशात टाकला. मला मान वर करवेना.

“कागुद कवाचा हाय ह्यो?” त्यांनी विचारलं.

“कालचा.”

“आन शिक्का?”

“शिक्का घरीच होता.”

“बरं,” ते म्हणाले. “पोरीला इचारतो.”

मला वाटलं, आता विचारायचं काय राहिलं. पत्र हातात आहे, मालक तयार आहे, कॉलेजला दहा दिवस आहेत. मी मनातल्या मनात त्यांचं सामान लिफ्टने वर नेऊनही टाकलं. बायकोने तर पहिल्या दिवशी त्यांना जेवायला काय करायचं याचा विचार सुरू केला होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मिस्त्री आले. पत्र त्यांच्या हातात होतं, नीट पाकिटात घातलेलं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

“पोरगी न्हाई म्हनती.”

“का?” मी विचारलं. एकदाच विचारलं.

“तिला समदं सांगितलं मी. तुमी चांगलं मानूस हाय, ह्ये बी सांगितलं. ती म्हनली, आब्बा, काका चांगले असत्याल. पर त्यांची येक सही व्हायला सातासमुद्रापल्याडच्या बाईनं चिंता करावी लागली. उद्या आपल्या मोरीचा नळ गळला, तर कंच्या देशाला कळवायचं?”

हे सांगताना मिस्त्री हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार होतो. ती हे बोलताना हसली होती का, हे विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.